नुसतं कुत्र्याचं नाव

रोझेमाच्या कळा सुरू झाल्या त्या काल सकाळी, आणि आज ऊन डोक्यावर आलं तरी पोरीची सुटका होत नव्हती. ओसिलिया लेकीच्या उशाशी बसून तिचा घाम पुसत होती आणि मधूनच उठून, दारात जाऊन खालच्या पायवाटेकडे बघत होती. वाटेवर कोणी नव्हतं. असणार तरी कोण? तीन आठवडे झाले, डोंगराखाली पेट्रोलचा थेंब नाही. मोटरसायकली घरोघर भिंतीला टेकून उभ्या आहेत आणि जेरेमी शहरातलं हॉस्पिटल पायी पाच तासांवर. राहिली सुईण क्लोदेत, जिच्या भरवशावर ओसिलिया कालपासून बसून होती. ती भाचीच्या लग्नाला ओकाय शहरात गेली होती. "उद्या सकाळी येतेच," असं सांगून गेली होती. आमच्या डोंगरावर 'उद्या सकाळी'चा अर्थ काय होतो ते शेंबड्या पोरालाही कळतं. ओसिलियालाही कळत होता, पण काल तिला तो कळून घ्यायचा नव्हता.

"ओसी, आता बास झालं," लामेर्सी म्हणाली. लामेर्सी वरच्या घरातली. तोंडाने फाटकी बाई, पण कालपासून पोरीची कंबर दाबत बसली होती, तेवढं तिचं मान्य करायला हवं. "हिचे ओठ बघ कसे झालेत. पलीकडे जा."

"ती यायची नाही."

"विचारलंस?"

"विचारायला कशाला हवं? मला माहीत नाही का?"

"मग बस तुझा ताठा कुरवाळत! पण त्यापायी पोरीला कशाला मारतेस?"

पलीकडे म्हणजे निवडुंगाच्या कुंपणापलीकडे. चाळीस पावलांवर ईफोनीजचं घर होतं. डोंगरावरची निम्मी माणसं तिच्या हातात जन्मली होती. रोझेमासुद्धा तिच्याच हातात आली आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला मांडीवर घेऊन धर्ममाता म्हणून बसली तीही ईफोनीजच. मुलाची आई आणि धर्ममाता एकमेकींना आमच्याकडे 'कोमे' म्हणतात. ते नातं सख्ख्या बहिणीपेक्षा वरचं. आणि या दोन कोमे सात वर्षं एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

कारण दारातच पाय पसरून पडलं होतं. तांबडा कुत्रा, एक कान फाटलेला. त्याचं नाव देवाला-ठाऊक.

आमच्याकडे माणूस माणसाला तोंडावर काही बोलत नाही. तोंडावर बोललं की भांडण, आणि भांडण झालं की कोयते निघतात. म्हणून ज्याला जे बोलायचं असेल ते तो कुत्र्याच्या नावात घालतो. पिल्लू आणायचं, नाव ठेवायचं 'आधी-आपलं-बघ', आणि रोज संध्याकाळी खाणं घेऊन कुंपणाशी उभं राहून हाक मारायची. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं. कोणी विचारलंच तर डोळे मोठे करून म्हणायचं, "अहो, नुसतं कुत्र्याचं नाव आहे!" याला आम्ही प्वें टाकणं म्हणतो. याचे नियम दोनच. टाकणाऱ्याने कधी कबूल करायचं नाही, आणि ज्याला लागला त्याने लागल्याचं दाखवायचं नाही. दाखवलं की त्याने तो अंगाला लावून घेतला, खरा केला. फार तर त्याने आपणही एक कुत्रं आणावं आणि त्याच्या नावात उत्तर द्यावं. खालच्या आळीत दोन भावांची अशी सहा कुत्री होती. संध्याकाळी त्यांच्या हाका सुरू झाल्या की चर्चमध्ये फादरला प्रार्थना थांबवावी लागायची.

सात वर्षांपूर्वी ओसिलियाला मुलगा झाला आणि ईफोनीजच्या हातातच गेला. रडलासुद्धा नाही. कोणी कोणाला बोल लावला नाही, मुलं जातात. पण तीन महिन्यांनी ओसिलियाने ते तांबडं पिल्लू आणलं, आणि पहिल्याच संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून छाती फुटेस्तोवर हाक मारली, "देवाला-ठाऊक! ए देवाला-ठाऊक!" डोंगर काय समजायचं ते समजला. वर्ष सरायच्या आत ईफोनीजच्या दारी एक पोटुशी बाई जाईना. तिच्या हाताखाली शिकलेल्या क्लोदेतचं चांगलं बस्तान बसलं. ईफोनीजने उत्तर म्हणून कुत्रं आणलं नाही, मांजरसुद्धा आणलं नाही, आणि लोक म्हणाले, गप्प आहे म्हणजे काहीतरी असणारच. एकदा फादरनी ओसिलियाला बाजूला घेऊन विचारलं होतं. तिने मान खाली घालून सांगितलं, "नुसतं कुत्र्याचं नाव आहे, फादर." फादर इथलेच. त्यांनी पुढे विचारलं नाही.

रोझेमा ओरडली. पूर्ण ओरडलीही नाही, अर्ध्यातच आवाज मिटला. ते अर्धवट ओरडणं ओसिलियाने ऐकलं. मग ती उठली आणि डोईचा रुमालसुद्धा न बांधता कुंपणाला वळसा घालून निघाली.

ईफोनीज अंगणात बुटक्या खुर्चीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. ओसिलिया फाटकाशी थांबली. कोणाच्याही अंगणात शिरण्याआधी आमच्याकडे "मान असो" म्हणावं लागतं, आणि आतून "आदर असो" आल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. मग घराला आग लागलेली का असेना.

"मान असो!" ओसिलिया म्हणाली.

ईफोनीजची बोटं थांबली. पुन्हा सोलायला लागली.

"मान असो, ईफोनीज!"

"कोण आहे?" दहा पावलांवरून, समोर बघत ईफोनीजने विचारलं.

"मी. ओसिलिया."

"असं होय. ऊन फार आहे आज."

"रोझेमा अडलीय. कालपासून. मूल आडवं आलंय असं वाटतं."

"अरेरे. क्लोदेतला बोलवा की."

"क्लोदेत नाहीये! लग्नाला गेलीय."

"येईल उद्या."

"उद्यापर्यंत पोर राहायची नाही, ईफोनीज. तुझीच पोर आहे ती. तू तिला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलीयस."

"माझी फार इच्छा होती यायची," ईफोनीज म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी गोड होता. "पण आज डोकं दुखतंय."

"तू माझ्यावर रागावलीयस."

"मी? आणि तुझ्यावर? तुझं-माझं काय वाकडं आहे?"

"त्या कुत्र्यावरून..."

"कुठलं कुत्रं?"

ओसिलियाने फाटकाची काठी घट्ट धरली. ईफोनीज एक शब्द वावगा बोलत नव्हती. ऊन होतंच. क्लोदेत उद्या येणारच होती. डोकं कुणाचं दुखत नाही? प्रत्येक शब्द चारचौघांत बोलावा असा, आणि प्रत्येक शब्दाच्या पोटात एकच गोष्ट, चालती हो. हे असं बोलायला सात वर्षं ओसिलियानेच रोज संध्याकाळी शिकवलं होतं. आता भांडायचं कुणाशी? डोकेदुखीशी? तिला वाटलं, हिने शिव्या दिल्या असत्या, तुरीची टोपली तोंडावर फेकली असती, तर पाय धरायला जागा तरी मिळाली असती.

मग ओसिलिया फाटकाबाहेर गुडघ्यांवर बसली, आणि या डोंगरावर आजवर कोणी बोललं नव्हतं ते बोलली.

"ते नाव मी तुझ्यासाठी ठेवलं होतं."

ईफोनीजने मान वर केली.

"तुझ्यावरच टाकलं होतं. तू माझा मुलगा मारलास असं म्हणायचं होतं मला. रोज म्हणायचं होतं. तुला ऐकू जावं म्हणून कुंपणाशी येऊन म्हणायचे. तू खिडकी लावून घेतलीस की मला बरं वाटायचं. लोक तुझ्याकडे यायचे थांबले तेही मला कळत होतं, तरी मी थांबले नाही. झालं? बोलले मी. आता मला हवं ते कर. कोयता आण. पण आधी माझ्या पोरीकडे चल."

सोललेल्या तुरीचे दाणे ईफोनीजच्या मांडीवरून खाली सांडले. ते तिने उचलले नाहीत.

"सात वर्षं लागली तुला," ती म्हणाली. आता आवाज गोड नव्हता. "तू बोलली नव्हतीस तोवर मला उत्तर देता येत नव्हतं. उत्तर दिलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, हिला लागलं. आता ऐक. मी पण पिल्लू आणलं होतं. काळं, पांढऱ्या पायांचं. नावही ठरलं होतं."

"काय?"

"उशिरा-बोलावलंस."

ओसिलियाने डोळे मिटले.

"त्या दिवशी शनिवार होता," ईफोनीज म्हणाली. "तू गाढवावर रताळी लादून बाजारात गेलीस. पाणी तुझं तिथेच गेलं होतं, सकाळीच. तरी तू रताळी विकून, साबण घेऊन, चढण चढून घरी आलीस आणि तिसऱ्या प्रहरी मला हाक मारलीस. मी तुझा झगा हातात घेतला तेव्हाच मला कळलं. वासावरून कळतं. मी कोणाला सांगितलं? खोलीतलं खोलीत ठेवायचं असतं, म्हणून गप्प बसले. पिल्लू दोन दिवस सांभाळलं. म्हटलं, कोमेचं मूल गेलंय, तिच्या कानावर रोज संध्याकाळी हे काय घालायचं? देऊन टाकलं खाली. आणि तू मात्र..."

ओसिलियाला तिच्याकडे बघवत नव्हतं. बाजारातला तो दिवस तिला सगळा आठवत होता. साबणाची वडीसुद्धा आठवत होती. आपण अजून वेळ आहे, अजून वेळ आहे म्हणत चढण चढलो, हे तिने सात वर्षांत स्वतःला एकदाही सांगितलं नव्हतं. कुत्र्याच्या नावाने ती इतक्या मोठ्याने ओरडायची की आतलं तिला ऐकूच येत नसे.

"आणि आज?" ईफोनीज म्हणाली. "कळा कधीपासून म्हणालीस?"

"काल सकाळपासून."

"काल सकाळपासून! आणि चाळीस पावलं यायला तुला आजची दुपार झाली."

ओसिलियाने नुसती मान हलवली.

ईफोनीजने आपले हात पुढे करून पाहिले. ते थरथरत होते. "सहा वर्षं या हातांत एक मूल आलं नाही गं. दर शनिवारी कात्री उकळून ठेवते, आणि दर शनिवारी पुन्हा फडक्यात बांधते. हातांना काही आठवतंय की नाही कोण जाणे. मला भीती वाटते, ओसी. तुझी नाही, या हातांची."

"मला दुसरं कोणी नाही."

"मलाही नव्हतं," ईफोनीज म्हणाली. ती उठली, गुडघ्यांना हात लावून सरळ झाली, आणि मग फाटकाकडे बघत, सणासुदीला म्हणावं तसं नीट म्हणाली, "आदर असो. आता आत ये, आणि ती पेटी घे."

दोघी धावतच निघाल्या, म्हणजे जितकं धावता येईल तितकं. ओसिलियाच्या दारात देवाला-ठाऊक उभा राहिला. ही बाई त्याने या अंगणात कधी पाहिली नव्हती. तो दात विचकून आडवा झाला, आणि ईफोनीज थांबली.

"हो बाजूला!" ओसिलिया म्हणाली. "हट!"

कुत्रा हलेना.

"त्याला हाक मार," ईफोनीज म्हणाली.

"हट म्हणते ना! हट रे!"

"नावाने मार, बाई. मला सवय आहे."

"देवाला-ठाऊक," ओसिलिया पुटपुटली. कुत्र्याने कान हलवला नाही. हळू हाक त्याला माहीतच नव्हती, त्याला ते नाव कायम किंचाळूनच ऐकवलेलं. आतून लामेर्सीची ओरड आली, "अगं या ना लौकर, येशू, मारिया!" आणि मग ओसिलियाने ईफोनीजच्या शेजारी उभं राहून, तिच्या कानाशी, सात वर्षं मारली तशीच हाक मारली. कुत्रा लगेच बाजूला झाला. ईफोनीजने डोळे मिटून घेतले होते. ते उघडून ती आत गेली.

पुढचे तीन तास ओसिलियाने लेकीचे खांदे धरून ठेवले. सुरुवातीला ईफोनीजचे हात खरंच चुकले. कात्री पडली, तेलाची वाटी कलंडली आणि लामेर्सीने तोंड वाकडं केलं. मग कधीतरी ते थरथरायचे थांबले. ईफोनीज पोटावर हात ठेवून डोळे मिटून काहीतरी ऐकत असल्यासारखी बसली, आणि तिने ओसिलियाकडे पाहिलं. त्या एका नजरेत ओसिलियाला कळायचं ते कळलं. आता मूल वाचवायचं नव्हतं, आता नुसती रोझेमा वाचवायची होती.

मूल बाहेर आलं ते संध्याकाळच्या तोंडावर. मुलगी होती. कातडी जागोजागी सोलवटली होती, गेल्याला बरेच तास झाले होते. ईफोनीजने तिला फडक्यात गुंडाळून ओसिलियाच्या हातात दिलं आणि पुन्हा रोझेमाकडे वळली, कारण रक्त थांबत नव्हतं. ती पोट चोळत राहिली, मुठीने दाबत राहिली. पाला उकळून आणा म्हणाली, पाय उशीवर उंच करा म्हणाली, आणि सगळा वेळ पोरीशी बोलत राहिली. "माझ्याकडे बघ. माझ्याकडे बघ, राणी. तुझी धर्ममाता आहे मी. झोपायचं नाही. मी सांगेन तेव्हा झोपायचं." अंधार पडायच्या आधी रक्त थांबलं. रोझेमाने पाणी मागितलं. ओसिलिया मेलेलं मूल छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होती, आणि पोरीने पाणी मागितलं ते ऐकून तिला इतकं रडू फुटलं की तिच्या हातातलं मूल लामेर्सीला घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मुलीला आंब्याखाली पुरलं. आजूबाजूच्या बाया कॉफी आणि उकडलेली केळी घेऊन आल्या. अंगणात बसल्या, जे बोलायचं ते बोलल्या. ओसिलिया त्यांच्यासमोर उभी राहिली. रात्रभर तिने ठरवलं होतं की आडवळणाने काही बोलायचं नाही, सरळ बोलायचं.

"ऐका सगळ्याजणी. यात ईफोनीजचा काही दोष नाही. मूल ती यायच्या आधीच गेलं होतं. रोझेमा जिवंत आहे ती तिच्यामुळे."

लामेर्सी मान डोलवत म्हणाली, "हो ना गं. तिचा काय दोष!" आणि शेजारणीकडे बघून तिने डोळा बारीक केला.

"खरंच नाही तिचा दोष!"

"आम्ही कुठे आहे म्हणतोय?" दुसरी म्हणाली. "किती मोठ्या मनाची तू. दुसरं मूल गेलं तिच्या हातात, तरी काय गोड बोलतेस."

"गोड नाही, खरं बोलतेय! लामेर्सी, तू खोलीत होतीस ना? तू पाहिलंस ना मूल?"

"पाहिलं ते पाहिलं," लामेर्सी म्हणाली. "आपण कशाला तोंड उघडा?"

ओसिलियाने शपथ घेतली. देवाची घेतली, मेलेल्या मुलाची घेतली. ती जितक्या शपथा घेई तितक्या बाया खाली बघून ओठ दाबत. एवढा धारदार प्वें त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. कुत्र्याचीही गरज पडली नाही, उघड नाव घेऊन टाकला, आणि वर शपथा! जाताना एकीने तर तिचा हात दाबला. ओसिलियाला वाटलं, आपल्या तोंडात जीभ नाही, नासकं फळ आहे. काहीही घातलं तरी त्याला तोच वास येणार.

तिसऱ्या प्रहरी ईफोनीज पाला घेऊन रोझेमाला न्हाऊ घालायला आली. वाटेत एका पोटुश्या बाईने तिला पाहिलं आणि पोटावर हात धरून रस्ता ओलांडला. ईफोनीजने ते ओसिलियाला सांगितलं नाही, पण ओसिलियाने ते अंगणातून पाहिलं होतं.

"मी सांगितलं त्यांना," ओसिलिया म्हणाली. "सरळ सांगितलं. कोणी ऐकत नाही."

"कुंपणातून आलं माझ्या कानावर," ईफोनीज बादलीतला पाला चुरत म्हणाली. "सोडून दे. तुझ्या तोंडून सरळ निघालं तरी इथे कोणाच्या कानात सरळ जायचं नाही. त्यांचे कान आपणच असे केलेत."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतेस? पोरीला धर, पाणी गरम आहे."

दोन संध्याकाळी कुंपणाशी हाक झाली नव्हती. कुत्र्याला कोणी ना कोणी काहीतरी टाकत होतं. तिसऱ्या संध्याकाळी ओसिलिया मक्याची पेज थाळीत घेऊन बाहेर आली, आणि कुंपणाशी जाऊन उभी राहिली. ती उभी राहिलेली दिसली तसा डोंगर गप्प झाला. वरच्या घरातला मुसळाचा आवाज थांबला. आता दुसरं मूल गेलंय, आज ही कशी हाक मारते ते ऐकायला चुलीपुढच्या बायाही अंगणात आल्या. कुंपणापलीकडे ईफोनीजची खिडकी उघडी होती. ती हळूहळू लावून घेतली जात होती, ते ओसिलियाला दिसलं.

तिने श्वास भरून घेतला.

"उशीर-माझाच! ए उशीर-माझाच!"

खिडकी अर्ध्यावर थांबली.

कुत्रा दहा पावलांवर आंब्याखाली, नव्या मातीशेजारी पडला होता. त्याने फाटका कान किंचित वर केला आणि पुन्हा टाकला. त्याला कोणी बोलावत नव्हतं.

"उशीर-माझाच! ये इकडे! उशीर-माझाच!"

वरून लामेर्सी अंगणाच्या कडेला आली. असं कोणी विचारत नसतं, पण तिला राहवलं नाही. "ओसी, कुणाला गं?"

ओसिलियाने तिच्याकडे मान वळवली. "कुणाला नाही. नुसतं कुत्र्याचं नाव आहे."

लामेर्सीचं तोंड उघडंच राहिलं. शपथा घेऊन जे तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं ते आता शिरलं. तिने हळूच छातीवर क्रूस काढला आणि मागे सरली. वरच्या अंगणात कोणीतरी कोणाला काहीतरी विचारलं. कोणीतरी उत्तर दिलं. मुसळ पुन्हा सुरू झालं नाही.

कुत्रा अजून आला नव्हता. सात वर्षं त्याला एकच नाव होतं, दुसरं त्याला काय माहीत? ओसिलिया हाका मारत राहिली. प्रत्येक हाकेला तिला ती बाजाराची चढण दिसत होती, साबणाची वडी दिसत होती, आणि परवाची खालच्या वाटेकडे बघत काढलेली ती अख्खी रात्र दिसत होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. आवाज फाटला. तरी ती थांबेना. पेज थंड झाली.

कुंपणाजवळ पावलं वाजली. निवडुंगाच्या फटीतून ईफोनीजचा चेहरा दिसला. तिचेही डोळे ओले होते.

"पुरे कर, कोमे," ती म्हणाली. सात वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. "ऐकलं मी. आता हळू हाक मार, पोर झोपलीय."

"नाही," ओसिलिया म्हणाली. "हळू मारली तर वरच्या घरांपर्यंत जायची नाही."

आणि तिने पुन्हा हाक मारली.